तांब्यातला माळ

शिमगा जवळ आला की हिंगोलीत हळदीच्या गाड्या लागायला सुरुवात होते. मोंढ्यातल्या बाजाराकडून वारा सुटला की तो वास आमच्या गॅलरीत येतो, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो, आणि सून म्हणते, आई, हे परत धुवावे लागतात की काय. मी हूं म्हणते. माझं लक्ष नसतंच तिच्याकडे. त्या वासाबरोबर माझी कंबर दुखायला लागलेली असते, डाव्या बाजूला, नेमकी जिथं तेव्हा दुखायची तिथंच. लोकांना जुने दिवस मनात आठवतात. मला एक अख्खा फाल्गुन कंबरेत आठवतो. हसा खुशाल. काठोकाठ भरलेला तांब्या हातात देऊन तुम्हाला कुणी फटफटीवर मागं बसवलं असतं आणि दीड कोस खडकावरून रोज नेलं असतं, म्हणजे मग बोललो असतो आपण.

माझं माहेर हट्ट्याचं. हट्टा म्हणजे काळी जमीन, पाटाचं पाणी, नजर जाईल तिकडं सपाट रान. लोणच्याच्या बरणीवर ठेवायला दगड हवा असला तर माझी आई शेजारणीकडून मागून आणायची, इतका तिकडं दगडांचा दुष्काळ. फाल्गुनात गावाबाहेर हळद शिजवायच्या कढया चढायच्या. वाफ सगळ्या गावावर उतरायची आणि आम्ही पोरीसोरी पिवळ्या बोटांनीच शाळेत जायचो. त्या सपाटीवरून मी लग्न होऊन सेनगावच्या वरच्या अंगाला गेले, माळावरच्या गावी. तिथं घर दगडाचं, बांध दगडाचा, मेंढ्यांचा वाडा दगडाचा, आणि उरलेला दगड सगळा रस्त्यात. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाली नव्हती. आमच्याकडं कोण बघतो?

डांबरी सडकेपासून गाव दीड कोस. त्या दीड कोसाला रस्ता म्हणणारा एक तर पुढारी असायचा नाहीतर मेंढा. खडकाच्या तऱ्हा निराळ्या, म्हणून गावानं त्यांना नावं दिलेली. सडक सोडली की गोटाळी, म्हणजे पायाखालून निसटणारे गोल गोल गोटे. मग म्हशीची पाठ, एक लांबलचक काळा गुळगुळीत खडक, त्यावर दुपारी पाय ठेववत नसे. आणि गाव दिसायला लागलं की दाताळ. तिथं खडकाच्या पात्या उभ्या निघालेल्या, एकापुढं एक. आमच्या लग्नाची जीप दाताळावर अडकली होती, आणि मी नवरी असून सासरी चपला हातात घेऊन चालत पोचले.

घरात माणसं तीन. मी, आमचे हे, आणि यांची आई. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. यांचं नाव भगवान, पण आत्याबाईंच्या तोंडी भगवान्या. दहा एकर बरड जमीन, त्यात तूर आणि थोडा कापूस, बाकी सगळा संसार शेळ्या-मेंढ्यांवर. यांच्याकडं एक जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली फटफटी होती. कोकरं सेनगावच्या बाजाराला न्यायची ती तिच्यावर, पेंडीची पोती आणायची ती तिच्यावर. यांचा जीव त्या गाडीत इतका, की पहिल्या महिन्यात मला वाटायचं, या घरात सवत अगोदरच आलेली आहे आणि तिला किक मारावी लागते.

आता डोळ्याचं सांगते, कारण सगळं त्या डोळ्यासाठीच चाललं होतं. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू कुठल्याशा शिबिरात काढला होता. परत आणताना यांनी जीपवाल्याला घाई केली. दिवस मावळायच्या आत मेंढ्या वाड्यात घालायच्या होत्या. दाताळावर जीप अशी आदळली की आत्याबाईंचं डोकं लाकडी फळीवर आपटलं. त्या काही बोलल्या नाहीत. तीन-चार दिवसांनी डोळा लाल झाला, पाणी वाहायला लागलं, आणि मग तो गेलाच. कशानं गेला हे कुणी नीट सांगितलं नाही. टाका तुटला असेल, घाण गेली असेल, असंच सगळे म्हणायचे. यांनी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. आईच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडं हे कधी बघत नसत. जेवताना सुद्धा तिच्या डाव्या हाताला बसायचे.

माझ्या लग्नाच्या साली डावा डोळाही पिकला. आत्याबाईंना उजेड कळायचा, माणूस उभं आहे एवढं कळायचं, बाकी सगळं हातांनी. वाड्यात बसून त्या एकेका मेंढीच्या कानाला हात लावून तिचं नाव सांगायच्या, चूक नाही. हिंगोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऊन तापायच्या आत करून घ्या. पाच दिवस इथं राहा, मग टाके असेपर्यंत सहा आठवडे जपा. हिसका नको, दणका नको, वाकायचं नाही. आणि दर आठवड्याला दाखवायला आणायचं.

यांनी हिंगोलीत खोली बघतो म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, मेंढ्या व्यायच्या दिवसांत मी बाजारात जाऊन बसू? बैलगाडीला स्प्रिंगा नसतात, ती बाद. चौघांनी बाज खांद्यावर घेऊन न्यावं असं चुलत्यांनी सुचवलं, तर म्हणाल्या, जित्तेपणी मला तिरडीवर चढवता काय? प्रत्येक वाटेवर त्या बाईनं काटा टाकून ठेवला होता. शेवटी एक दिवस, हे फारच मागं लागले तेव्हा, चुलीपुढं बसून त्यांनी आपली अट सांगितली.

“तांब्या काठोकाठ भर. कुसुमच्या हाती दे. सडकेपासून वाड्यापस्तोर गाडीवर आण. पाण्याचा थेंब न्हाई सांडला तर मी येते. सांडला तर माझ्या डोळ्याचं नाव काढायचं न्हाई.”

कुसुम म्हणजे मी. मनात म्हटलं, संपलं. यांच्या चेहऱ्यावर मात्र मी लग्नात सुद्धा पाहिलं नव्हतं असं हसू आलं. आईनं नाही म्हटलं नव्हतं. आईनं त्यांना गाडीचं काम सांगितलं होतं.

तो फाल्गुन मी असा काढला. शेळ्यांच्या धारा झाल्या की आम्ही दोघं खाली सडकेला जायचो. तिथल्या हॉटेलच्या रांजणातून तांब्या भरायचा. मी गोल पातळ नेसणारी, एका अंगानं बसायचे, आणि तांब्या मांडीच्या वर दोन्ही हातांत. यांची ताकीद एकच, पाण्याकडं बघायचं, दुसरीकडं नाही. मग गाडी गोटाळीत शिरायची.

पहिल्या दिवशी पाणी गोटाळीतच संपलं, निम्मं माझ्या अंगावर, निम्मं यांच्या पाठीवर. आमच्याकडं समज असा, की कडक ते मजबूत. पोतं लादायचं तर मागचे शॉकअप आवळून घ्यायचे, सगळेच तसं करत. शॉकअपच्या बुडाला एक कडं असतं, त्याला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाचा. कडं वर चढवलं की स्प्रिंग आवळते, खाली घेतलं की सैल होते. यांनी सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवलं होतं. मग सगळ्यात खालच्या खाचेवर आणलं, तर गाडी दाताळावर खाली बसली ती लोखंडावर लोखंड आपटेपर्यंत. माझी जीभ दातांत सापडली. त्या दिवशी मी दूधभातच खाल्ला आणि कुणाशी बोलले नाही, पण कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग यांनी चाकांतली हवा कमी केली. गोट्यावरून चाक जायचं तेव्हा रबरच थोडं दबायचं, बारीक थरथर तिथंच मरायची. मग पुढच्या शॉकअपचं झाकण काढून आत स्प्रिंगवर पाइपचा तुकडा बसवला, तो रोज कानशीनं नखभर घासून कमी करायचा आणि बघायचं. आत जुनं तेल होतं, काळं आणि पाण्यासारखं पातळ. ते काढून दुसरं घातलं. दर खेपेला वाड्यापाशी उतरल्यावर हे तांब्यात बोट घालून बघायचे, किती सांडलं. चार बोटं. साडेतीन. परत चार. हा माणूस सबंध गावात कमी बोलणारा म्हणून प्रसिद्ध, पण त्या दिवसांत रोज संध्याकाळी माझ्याशी बोलायचा. कुठं दणका कमरेत आला, कुठं मानेत आला, मागून आला की बाजूनं, सगळं विचारायचा. मला इतकं बारकाईनं त्याआधी कुणी काही विचारलं नव्हतं. नव्या नवरीला लोक विचारतात, करमतं का. यांनी विचारलं, म्हशीच्या पाठीवरून उतरताना पोटात खड्डा पडतो का? मी म्हटलं, पडतो. हे म्हणाले, मग मागचं अजून लवकर उठून राहिलं.

आडावर बाया हसायच्या. रोज सकाळी भगवान्या बायकोला फटफटीवर फिरवून ओली करून आणतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली. मी लाजले नाही. कंबर इतकी दुखत होती की लाजायला ताकद नव्हती.

पण एक सांगते. त्या माळावरचा फाल्गुन मी मान वर करून पाहिलाच नाही. पाण्याकडं बघायचं अशी ताकीद होती ना! मी तो सगळा तांब्याच्या तोंडात पाहिला. तळव्याएवढ्या गोलात आभाळ थरथरायचं. पळस फुललेला असायचा, तो पाण्यात उलटा, तांबडा, आला आला म्हणेपर्यंत काठावरून निघून जायचा. म्हशीच्या पाठीवर गाडी जरा सुतात चालायची, तेव्हा पाणी शांत व्हायचं आणि त्यात यांच्या मानेवरचे केस, उन्हानं रापलेला कान, कॉलरचा उसवलेला टाका, सगळं स्वच्छ दिसायचं. मग दाताळ. सगळं फुटून जायचं. आता कधीमधी दुपारी डोळा लागला की मला तोच गोल दिसतो. त्यात रस्ता नसतो, दगड नसतात, नुसतं आभाळ जात असतं आणि कुणीतरी पुढं बसलेलं असतं. मुलगा म्हणतो, आई, त्या पळसाचा फोटो काढून ठेवायला हवा होता. मी म्हणते, तुझ्या बापानं मला मान वर करू दिली असती तर ना.

तूर झोडून झाली होती. शेतात तुराट्यांचे भारे उभे होते, आणि सकाळच्या गारव्याला अजून धार होती, पण दहा वाजले की ऊन टोचायचं. माहेरहून भावानं पहिल्या दळलेल्या हळदीची पिशवी पाठवली. तिची मी दोन दिवस कमरेखाली उशी करून झोपले. हट्ट्याची आठवण आली म्हणून नाही. ठणकणाऱ्या कमरेला तेवढंच मऊ काहीतरी मिळालं म्हणून.

एवढं करून पाणी तीन बोटांच्या आत येईना. गाडी मऊ झाली होती, पण आता मेंढीच्या पिलासारखी उड्या मारायची. एका दगडावरून गेली की तीनदा वरखाली. हे मला घेऊन हिंगोलीला रहीमचाचांकडं गेले. एसटी डेपोच्या मागं त्यांची टपरी. साठीचा माणूस, दाढी मेंदीची, डोळे नेहमी दुसऱ्याच्या इंजिनात. त्यांनी गाडीवर नुसता हात दाबला आणि सोडला. दाबला आणि सोडला. मग माझ्या हातातला तांब्या बघून विचारलं, हे काय. यांनी आईची अट सांगितली. चाचा हसले नाहीत. हात पुसून स्टुलावर बसले.

“बेटा, दबते वक्त इसको मत रोको,” ते म्हणाले. “दगड आया तो जल्दी दबने दो. रोकना है तो उठते वक्त रोको. जो दुख खाके फट से उठता है ना, वही पीछेवाले को मारता है.”

मग त्यांनी मागचे शॉकअप खोलले. एक जाड तेल, एक पातळ तेल, काचेच्या बाटलीत मिसळून, उन्हात धरून, दोन बोटांत चोळून बघितलं. दोनदा ओतून दिलं. तिसऱ्यांदा मान हलवली. मी तोवर बाकड्यावर बसून चहा पीत होते आणि त्यांचं वाक्य घोळवत होते. लवकर दबावं, सावकाश उठावं. पुढं आयुष्यात माझ्या आई-वडलांच्या मागं, एका लेकराच्या मागं, मला ते वाक्य कामी आलं. लोक म्हणायचे, कुसुम, आता ऊठ, कामाला लाग. मी म्हणायचे, उठते, पण सावकाश.

त्या दिवसापासून गाडी पालटली. दगडावर चाक चढायचं, खाली बसायचं, आणि मग श्वास सोडल्यासारखी गाडी वर यायची. पाणी दोन बोटांवर आलं, मग एकावर. हे पायदानावर अर्धवट उभे राहून गाडी चालवायला शिकले. आणि शिमग्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, आम्ही वाड्यापाशी थांबलो तेव्हा तांब्या काठोकाठ होता. थेंब नव्हता सांडला. यांनी बोट घातलं तेव्हा त्या बोटानंच पाणी सांडलं, एवढा भरलेला. हा अबोल माणूस आडापर्यंत ओरडत गेला. आत्याबाईंनी तांब्याच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग म्हणाल्या, बरं. कधी जायचं ते सांग.

मी मात्र तिथून हललेच नाही. कारण मला ठाऊक होतं.

पाणी गाडीनं धरलं नव्हतं. माझ्या मनगटानं धरलं होतं. इतके दिवस रोज तेच काम. हात शिकतो हो. गाडी डावीकडं कलायच्या आत माझं मनगट उजवीकडं वळायचं. दणका यायच्या आधी कोपर सैल व्हायचा. कुठला दगड कुठं, हे मला झोपेत सुद्धा माहीत झालं होतं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण झालं होतं असं. आणि डोळ्याला मनगट नसतं.

एक दिवस मी गप्प राहिले. घरात सणासारखं वातावरण, हे वाड्यात शीळ घालत मेंढ्यांना पाला टाकत होते, आणि मला वाटत होतं, कशाला बोलू? यांच्या जिवावरचं दोन वर्षांचं ओझं उतरलं आहे, ते परत कशाला चढवू? पण डोळा आत्याबाईंचा जाणार होता, माझा नाही. दुसऱ्या दिवशी मी यांना सांगितलं. म्हटलं, आज तांब्या माझ्या हातात देऊ नका, सीटला बांधा. यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा चेहरा असा पडला की मला पळून हट्ट्याला जावं वाटलं. तांब्या सीटला दोरीनं आवळला, मी पायी मागून गेले. वाड्यापाशी पोचले तेव्हा तांब्यात पाणी अडीच बोटं कमी. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तो अबोला मला लागला. खरं बोलून मी चूक केली की काय, असं चुलीपुढं बसून मनात येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतःच म्हणाले, चल. आता तांब्या सीटला आणि शेजारी मी, वजनासाठी, हात मांडीवर. परत पाइप घासणं, परत तेल, परत कडं एक खाच वर, एक खाच खाली. ऊन चढत चाललं होतं, डॉक्टरांनी दिलेली मुदत सरत आली होती. पाणी एका बोटावर आलं. मग अर्ध्या. अर्ध्या बोटाच्या आत मात्र ते काही केल्या येईना. गाडी यांनी करायची तेवढी केली होती. पुढं खडकाचंच राज्य होतं.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला वाड्यात बोलावलं. एक कोकरू त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. विचारलं, पाणी किती सांडतं? लेकाला नाही, मला विचारलं. मी म्हटलं, अर्धं बोट. आणि मागं थेंब सांडला नव्हता तो माझ्या हातानं, गाडीनं नव्हे, हेही सांगून टाकलं. त्या बराच वेळ कोकराच्या कानामागं खाजवत बसल्या. मग म्हणाल्या, लेकरानं लय तकलीफ घेतली. अर्ध्या बोटाला काय करायचं? तू मागं बस आणि माझं डोकं धर. पाण्यावानी धर.

असं ते ठरलं. हिंगोलीला जाणं, ऑपरेशन, पाच दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसणं, हे सगळं मला आता धूसर आठवतं. आठवतो तो फक्त तिथला फिनेलचा वास आणि त्यात खिडकीतून येणारा मोंढ्यातल्या हळदीचा वास, दोन्ही एकात एक. सहाव्या दिवशी डोळ्यावर पांढरी पट्टी, वर टोपणासारखं झाकण, अशा आत्याबाईंना आम्ही एसटीच्या पुढच्या सीटवर बसवून सडकेपर्यंत आणलं. हॉटेलपाशी फटफटी उभीच होती. यांनी खाली बसून दोन्ही कडी दोन खाचा वर चढवली, कारण आता माणसं तीन होती. कुठल्या वजनाला कुठली खाच, हे त्यांना आता पाठ होतं. पुढं हे, मध्ये आत्याबाई, कासोट्याचं लुगडं म्हणून पुरुषासारख्या दोन्हीकडं पाय टाकून, आणि मागं मी. मी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. केस पातळ, टाळू गरम. एवढ्या लहानशा डोक्यात एवढा हट्ट, असं माझ्या मनात आलं.

गाडी पहिल्या गिअरवर गोटाळीत शिरली. मी डोळे मिटले. मला पाण्याची गरज नव्हती, वाट हातांना येत होती. गाडी दबायची, सावकाश उठायची, आणि जे उरायचं ते माझ्या मनगटात यायचं. आत्याबाईंचं डोकं जागचं हललं नाही. गोटाळी गेली. म्हशीच्या पाठीवर आलो तशी गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी झाली, आणि मला कळलं की आत्याबाई रडत आहेत. खांदे हलत होते. मी घाबरले, डॉक्टरांनी रडू नका म्हटलं होतं. विचारलं, दुखतं का?

“डोकं सोड पोरी,” त्या म्हणाल्या. “माझे हात धर.”

मला कळेना.

“मागच्या टायमाला डोळा जीपनं न्हाई गेला. लय खाजत होता. घरी आल्यावर पट्टी सारून मीच चोळला. दोन दिवस चोळला. तू पाण्याचं खरं बोललीस म्हून सांगून राहिले. आत्ता बी खाजतोय.”

यांनी ब्रेक दाबला. गाडी म्हशीच्या पाठीवर उभी राहिली, इंजिन पुटपुटत होतं. हे मागं वळले नाहीत. नुसतं विचारलं, खरं? त्या म्हणाल्या, व्हय. तू स्वतःलाच लावून घेतलंस आणि मला मग सांगवेना. तू ओरडशील वाटलं. नंतर वाटलं, आता सांगितलं तर पोरगं लईच तुटंल.

खरं सांगते, मला त्या बाईचा असा राग आला की काय सांगू. दोन वर्षं पोटचा लेक समोर झुरत होता, हिला डोळ्यानं नसेल नीट दिसत, पण कळत तर होतं. ती पाण्याची अट म्हणजे पळवाट होती, हेही मला त्या क्षणी उमगलं. तिला भीती गाडीची नव्हतीच, स्वतःच्या हाताची होती. ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि माझी कंबर मोडून घेतली. आणि तरी तिचे ते दोन्ही हात, मेंढ्यांच्या कानांनी गुळगुळीत झालेले, मी माझ्या हातांत घेतले तेव्हा माझा राग टिकला नाही.

हे गाडी बंद करून, बाजूच्या स्टँडवर लावून उतरले. आत्याबाई सीटवर तशाच. हे खडकावर बसले आणि आधी हसले. मग हसता हसता त्यांना रडू फुटलं. पुरुष माणूस असा उघड्या माळावर, भर दिवसा हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदा पाहिला. आत्याबाई अंदाजानं त्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, रडू नको भगवान्या. गाडी चांगलीच केलीस तू. एवढ्या वाटेत माझी पाठ दुखली न्हाई. त्यावर हे अजूनच रडले. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून उठले आणि पहिल्यांदाच, माझ्या देखत पहिल्यांदाच, आईच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले. तिच्या त्या गेलेल्या डोळ्याकडं नीट बघितलं. गालावरून हात फिरवला. मग किक मारली.

तेव्हापासून सहा आठवडे हे एकटे झोपले. नव्या लग्नाचं एवढं वर्ष, आणि माझी बाज आत्याबाईंच्या बाजेला लागून. त्यांची दोन्ही मनगटं मी जुन्या पातळाच्या मऊ चिंधीनं एकत्र बांधायचे आणि चिंधीचं टोक माझ्या मनगटाला. झोपेत त्यांचा हात वर निघाला की माझा हात ओढला जायचा, मी जागी व्हायचे आणि त्यांचे हात परत खाली आणून छातीवर ठेवायचे. कधी रात्रीतून एकदा, कधी सात-आठदा. दिवसा त्या स्वतःच म्हणायच्या, बांध.

डोळा राहिला.